४७ नंबरची कालवड आणि माझं मनगट

मनगटाचं प्लास्टर निघून बरेच महिने झाले, पण थंडी पडली की अजून ठणकतं आणि ठणकलं की मला ४७ नंबर आठवते. ४७ म्हणजे कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा. आमच्याकडची गुरं बीफसाठीची, त्यामुळे त्यांना नाव द्यायचं नाही असं ठरलेलंच आहे, नाव दिलं की गाडी भरायच्या दिवशी जड जातं. बाकी नावं ठेवण्यात आम्ही सगळे पुढे. ही मारकी, ती येडी, तो सरकलेला, आणि एकदा का जनावराला असलं काही चिकटलं की मग ते काही केल्या निघत नाही. ४७ ला "मारकी" चिकटलं होतं.

लसीकरणाचा दिवस होता. १४ महिन्यांची कालवड, वजन असेल ३५० किलोच्या आसपास, खोड्याकडे (जनावर लस द्यायला अडकवून उभं करतात तो पिंजरा) जाणाऱ्या अरुंद गल्लीत आम्ही तिला शेवटी एकटीला घातलेलं, बाकीच्या सगळ्या होऊन गेलेल्या. अर्ध्यात आली आणि थांबली, नाक पार जमिनीला टेकवलं, फुस्स करून श्वास सोडला आणि आली तशी उलटी मागे. परत ढकलली, परत तिथेच थांबली. तिसऱ्या वेळी मी वैतागलो आणि पुढच्या बाजूने आत डोकावलो, एका हाताने काठी हलवतोय, तोंडाने ओरडतोय, मागून काका तिची शेपटी पिळतायत, आणि माझा दुसरा हात कुठे होता तर फाटक आणि खांब यांच्या मध्ये. तिथे कधीही हात ठेवायचा नाही हे नवीन पोरांना मीच सांगत असतो. तिने फाटकाला धडक दिली, फाटक फिरलं, कट्ट असा आवाज झाला, मला वाटलं कुठलीतरी फळी मोडली.

काका म्हणाले, "तुला किती वेळा सांगितलं, ही मारकी आहे, पुढच्या गाडीत घालून दे." तेव्हा मलाही शंभर टक्के तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी एका पोराने मोबाईलवर शूटिंग केलं होतं, का ते विचारू नका, हल्ली सगळंच शूट होतं. हात गळ्यात अडकवून घरी बसलो होतो तर त्याने पाठवलं. पहिल्यांदा बघितलं ते फक्त धडक बघायला. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा एक गोष्ट जाणवली की अख्ख्या व्हिडिओत सगळ्यात मोठा आवाज माझा आहे, ती कालवड एकदाही हंबरलेली नाही. मग तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितलं. तिन्ही वेळा ती अगदी एकाच जागी थांबते, वीतभरही इकडेतिकडे नाही, आणि तिन्ही वेळा खालीच बघते. झूम केलं तर खाली सावली. वरच्या बाजूला फाटकाची साखळी लोंबत होती, वाऱ्याने हलत होती, आणि तिची सावली गल्लीच्या जमिनीवर सापासारखी इकडून तिकडे सरकत होती. ती साखळी तिथे कधीपासून लोंबत होती देव जाणे, मी रोज तिच्याखालून जातो.

नंतर वाचायला लागलो, घरी बसून दुसरं करणार काय. गाईगुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना मान न वळवता जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं, बरोबर पाठीमागचा एक पट्टा सोडून. ऐकायला भारी वाटतं पण त्याची किंमत अशी की दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतं ते फक्त समोरचं थोडंसं, म्हणजे खोली नीट कळते ती तेवढ्याच भागात आणि तीही मान खाली घालून, थांबून बघितलं तर. आपल्याला जमिनीवर सावली दिसते, तिला तिथे खड्डा असेल अशी शंका येते. गटाराची जाळी, पाण्याचं डबकं, काँक्रीट संपून माती सुरू होते ती रेघ, सगळं तसंच. म्हणजे ४७ नाक खाली लावून थांबली ते हट्ट म्हणून नाही, ती नीट बघत होती. तिला १० सेकंद दिले असते तर कदाचित बघून पुढे गेलीही असती. ते १० सेकंद आम्ही तिची शेपटी पिळण्यात घालवले.

कानांचंही तेच. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गुरांना ३५ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत, त्यामुळे शिट्टी, लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट, हवेच्या दाबावर चालणाऱ्या फाटकाचा फुस्स, हे जे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं ते त्यांच्या डोक्यात जातं. आणि माणसाचं ओरडणं तर वेगळंच, कारण ते आपल्यावरच आहे हे त्यांना बरोबर कळतं.

टेम्पल ग्रँडिन हे नाव गुरं पाळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी गुरं कुठे अडतात हे शोधायला काय केलं तर स्वतः त्या गल्लीत उतरून, गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. मला आधी हे जरा जास्तच वाटायचं. मग एक दिवस गळ्यात हात अडकवलेला तसाच, आजूबाजूला कोणी नाही बघून, मी वाकून आमच्या गल्लीतून चालत गेलो. साखळी दिसली ती दिसलीच, पण शिवाय कुंपणावर टाकलेलं कोणाचं तरी पिवळं जॅकेट, पत्र्याच्या फटीतून येणारा उन्हाचा टोचणारा पट्टा, आणि खोड्याच्या तोंडाशी एकदम काळोख, म्हणजे भर उन्हातून कोणी मला गुहेत घालतंय असं वाटलं. काकांनी बघितलंच शेवटी. "काय हरवलं का?" म्हणाले.

आता ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती सांगतो. जनावराच्या भोवती एक अदृश्य कडं असतं, तुम्ही त्याच्या बाहेर असलात की ते नुसतं तुमच्याकडे तोंड करून बघतं, आत पाऊल टाकलं की ते सरकतं, आणि फारच आत घुसलात आणि त्याला जायला जागा नसली तर ते तुमच्या अंगावरून जातं. हे कडं प्रत्येकाचं वेगळं, माणसाळलेल्याचं हातभर, रानात एकटं वाढलेल्याचं एखाद्या मैदानाएवढं. दुसरं म्हणजे खांदा. तुम्ही खांद्याच्या मागे असाल तर जनावर पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात की थांबतं किंवा मागे फिरतं. इतकं साधं. आणि मी काय करत होतो तर समोर उभा राहून काठी हलवत होतो आणि काका मागून शेपटी पिळत होते, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबलेला. गाडी असती तरी गरगरली असती.

प्लास्टर असताना खोड्याचं काम करता येत नव्हतं, मग मी दुसरंच चालू केलं. रोज १० मिनिटं त्यांच्या कुंपणात जाऊन नुसतं फिरायचं. काही करायचं नाही, इंजेक्शन नाही, पकडापकडी नाही. पहिल्या दिवशी ४७ सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, डोकं वर, कान माझ्याकडे रोखलेले, डोळ्यांचं पांढरं दिसतंय आणि शेण पातळ. (डोळ्यांचं पांढरं जास्त दिसायला लागणं ही भीतीची खूण, हे मोजूनसुद्धा बघितलंय लोकांनी.) मी पावलं मोजायचो. पहिल्या दिवशी २५ पावलांवर ती हलली. मी लगेच एक पाऊल मागे घेतलं आणि बाजूला बघायला लागलो, तिच्या डोळ्यात डोळा घालायचा नाही, टक लावून बघतो तो शिकारी असं तिचं साधं गणित. ती थांबली. एवढंच.

यातली खरी मेख ते मागे घेतलेलं पाऊल आहे. पुढे जाऊन दाब सगळेच देतात, पण तिने आपल्याला हवं तसं एक पाऊल टाकलं की त्या क्षणी दाब काढून घ्यायचा हे कोणी करत नाही, मीही करायचो नाही, ती चालायला लागली की मी आणखी जोरात मागे लागायचो. म्हणजे तिच्या बाजूने बघा, ऐकलं तरी मार आणि नाही ऐकलं तरी मार, मग ऐकायचं कशाला. बड विल्यम्स नावाच्या अमेरिकन माणसाने आयुष्यभर हेच शिकवलं, ओरडायचं नाही, पळवायचं नाही, नागमोडी चालत कळप हलवायचा, आणि तो म्हणे एकटा मोठेमोठे कळप चालत हलवायचा. मला ते जन्मात जमणार नाही, पण एका कालवडीबरोबर पाऊल मागे घेणं जमलं. तिसऱ्या आठवड्यात २५ ची ८ पावलं झाली. मग बरेच दिवस ८ च राहिली, मी कंटाळलो, आणि एके सकाळी पाठ करून उभा होतो, फोनवर बोलत होतो, तर मागून जॅकेटला ओलं काहीतरी लागलं. वळलो तर ती चार उड्या मारून पळाली. पण हुंगून गेली होती.

मग बाकीची दुरुस्ती. साखळी बांधली, जॅकेट टांगायला दुसरीकडे खिळा ठोकला, गल्लीच्या दोन्ही बाजू प्लायवूडने बंद केल्या म्हणजे बाहेर उभी असलेली माणसं दिसत नाहीत, खोड्याच्या तोंडाशी दिवा लावला (तोंडावर येणार नाही असा, त्यांना अंधारातून उजेडाकडे जायला आवडतं पण डोळ्यांवर झोत नको), फाटकाला जुन्या टायरचं रबर लावलं. खोड्यासमोर पाय घसरायचे तिथे खाचा मारून घेतल्या. पाय घसरला की जनावर घाबरतंच, ते कितीही शांत असो. आणि गल्लीमागच्या छोट्या कोंडवाड्यात आधी आम्ही ठासून गुरं भरायचो, आता अर्धाच भरतो, त्यांना वळायला जागा लागते. शॉकची काठी भिंतीवरून काढून कपाटात ठेवलीय. फेकून दिली असं म्हणणार नाही, पण कपाटाची किल्ली आणायला जायचं म्हणजे तेवढ्या वेळात माणूस जरा शांत होतो.

एकटं ठेवायचं नाही हा मात्र नियमच केला. कळपातलं जनावर एकटं पडलं की त्याचं डोकं चालत नाही. ४७ ला आम्ही शेवटी एकटीला उरवलं ती त्या दिवसाची पहिली चूक होती, साखळी दुसरी, मी तिसरी. आणि एकदा बिथरलं की २० ते ३० मिनिटं तरी जातात त्याचं अंग शांत व्हायला, मग सोडा, पाणी पिऊ दे, दुसरं काम करा. आम्ही काय करतो, बिथरलं की म्हणतो आता सोडायचं नाही, नाहीतर तिला सवय लागेल.

काकांचा मुद्दा वेगळा होता आणि तो मी आधी उडवून लावला होता. काकांचं म्हणणं, "तू लाड कर, पण रक्तात असतं ते." आणि असतंच की. स्वभाव बऱ्यापैकी आईबापाकडून येतो, म्हणून तर अमेरिकेतल्या लिमोझिन जातीच्या पैदासकारांनी १९९० च्या दशकातच वळू निवडताना शांतपणाचा आकडा धरायला सुरुवात केली, कारण त्यांच्या जातीचं नाव तापट म्हणून झालं होतं. ब्राह्मन जात, जी अमेरिकेत आपल्या गीर, ओंगोल, कांकरेज, कृष्णा खोरे या गुरांपासून तयार झाली, तीही कोंडलं की इतरांपेक्षा जास्त पेटते, पण तीच प्रेमाने वागवली तर मागे मागे फिरते, म्हणजे रक्त आणि वागणूक दोन्ही आलं. कपाळावरच्या भोवऱ्याचंही आहे, १९९५ साली ग्रँडिन आणि मंडळींनी दाखवलं की भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असला तर जनावर जास्त बुजरं असण्याकडे कल दिसतो. मी आमच्या सगळ्यांचे भोवरे बघून आलो, हात बघणाऱ्या ज्योतिषासारखा. ४७ चा वरच आहे. पण आमच्या सगळ्यात गरीब गाईचाही वरच आहे, त्यामुळे मी त्यावर गाडी भरत नाही.

त्यापेक्षा वही बरी. खोड्यात असताना १ ते ५ गुण, १ म्हणजे शांत उभी, ५ म्हणजे जिवाच्या आकांताने झटतेय. आणि सुटल्यावर कशी जाते, चालत, दुडकत की उधळत. ऑस्ट्रेलियात हे सेन्सर लावून मोजायची पद्धत काढली, दोनेक मीटर अंतर कापायला किती वेळ लागला ते. आमच्याकडे सेन्सर नाही, पोराचे डोळे आहेत. पण दरवेळी लिहायचं, कारण आपल्याला आठवतं ते फक्त धडक मारलेलं, शांत उभी राहिलेली कोणाला आठवत नाही.

आणि हे सगळं नुसतं भूतदया म्हणून नाही हां. १९९७ साली कोलोरॅडोतल्याच अभ्यासात दिसलं की खोड्यात शांत राहणाऱ्या गुरांचं रोजचं वजन बिथरणाऱ्यांपेक्षा जास्त वाढतं. साधी गोष्ट आहे, चारा एकच, कोणी तो अंगाला लावतं, कोणी घाबरण्यात जाळतं. आणि शेवटी कापायच्या आधी जनावर घाबरलं, दमलं, तर स्नायूतली साखर संपते, मग नंतर मांसात पाहिजे तेवढं आम्ल तयार होत नाही, पीएच ५.५ च्या आसपास यायचा तो ६ च्या पुढे अडकतो आणि मांस काळपट, कोरडं, लवकर खराब होणारं निघतं. ते कोणी घेत नाही. वर्षभर सांभाळलेलं शेवटच्या दिवशीच्या आरडाओरड्यात घालवायचं.

पण सगळीच भित्री नसतात, हेही सांगायला पाहिजे नाहीतर कोणीतरी माझं वाचून वळूशी मैत्री करायला जाईल. घाबरलेलं जनावर पळायची वाट शोधत असतं. धमकी देणारं जनावर तुम्हाला आपलं शरीर दाखवतं, आडवं उभं राहतं, पाठीची कमान, मान खाली, पायाने माती उकरतं. वळू असा आडवा झाला की विषय संपला, पाठ न दाखवता, पळ न काढता, त्याच्याकडे लक्ष ठेवून मागे मागे कुंपणापर्यंत यायचं आणि बाहेर. नुकतीच व्यायलेली गाय, कालपर्यंत कितीही गरीब असू दे, वासराच्या आणि तिच्या मध्ये जायचं नाही. आणि बाटलीवर एकटा वाढवलेला गोऱ्हा, ज्याचं सगळ्यांना कौतुक, तो मोठा झाला की सगळ्यात धोकादायक, कारण त्याला माणसाची भीती नाही आणि माणूस त्याला आपल्यातलाच एक वाटतो, मग ताकद आजमावायला तो तुमच्याकडेच येणार. १९९० साली हेरफर्ड वळूंवर हे दिसलंय, एकटे ठेवून हाताने वाढवलेले माणसावर जास्त धावून आले. तसला गोऱ्हा वाढवायचाच तर दुसऱ्या वासरांबरोबर, नाहीतर लहानपणीच खच्ची करून घ्या.

आणि शांत जनावर एकदम विचित्र वागायला लागलं तर स्वभाव वगैरे काही नाही, सरळ डॉक्टर. मॅग्नेशियम कमी पडलं, शिसं पोटात गेलं, रेबीज झाला, सगळ्यात आधी वागणंच बदलतं. घशात काहीतरी अडकलंय वाटून तोंडात हात घालू नका, रेबीजमध्ये तसंच दिसतं.

तर काकांचं बरोबर ठरलं ११२ नंबरच्या बाबतीत. तिच्यावर मी ४७ पेक्षा जास्त दिवस घालवले, पावलं मोजली, सगळं केलं, वहीत प्रत्येक वेळी ५, एकदा ४, परत ५. तिच्यामुळे बाजूच्या चारपाच शांत कालवडी पण डोकं वर करून फिरायला लागल्या, एक बिथरली की बाकीच्यांना वाटतं हिला काहीतरी दिसलं असणार. शेवटी ती कुंपणावरून चढून बाहेर पडली आणि एका पोराला भिंतीशी दाबता दाबता राहिली. त्या आठवड्यात तिला काढली, तिची पैदास ठेवली नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी चहा त्यांनी आणून दिला.

४७ ची पुढची लस सहा महिन्यांनी होती. या वेळी तिला मधल्या नंबरवर घातली, पुढे दोन मागे दोन ओळखीच्या. मी खांद्याच्या मागे, हात खिशात, खरंच खिशात, मनगट तसंही सांगत होतं. ती आली, त्याच जागी थांबली. साखळी नाही, सावली नाही, खाली नुसती माती. तरी नाक लावलं, फुस्स केलं. मी काकांकडे बघितलं, त्यांचा हात शेपटीकडे निघालेला, तो त्यांनी मध्येच थांबवला आणि उगाच कुंपणाला लावला. आठ नऊ सेकंद गेले असतील. मग ती पुढे गेली. खोड्यात दोनदा अंग झटकलं, वहीत ३ लिहिले, सुटल्यावर दुडकत गेली आणि दाराबाहेर पोचल्यावर चालायला लागली.

ती अजून तिथेच थांबते दरवेळी. काका म्हणतात, "थांब रे, तिचं बघून होऊ दे."